तारेआडचा दात

वरणभात खाऊन आरशात पाहिलं की आधी दिसते ती हळद. दात सरळ करणारी तार धरायला दातांवर चिकटवलेल्या प्रत्येक ठोकळीभोवती, म्हणजे ब्रॅकेटभोवती, रबराची एक इवलीशी कडी असते. तिचं काम एवढंच, की तारेला खाचेत धरून ठेवायचं. बसवल्या दिवशी पारदर्शक असलेली ही कडी दोन-चार जेवणांत पिवळसर होते आणि आठवड्याभरात आमरसाच्या रंगावर जाते. चाळिशीत दातांना तार लावणाऱ्याने चारचौघांत दिसू नये म्हणून दाताच्या रंगाचे ब्रॅकेट आणि पारदर्शक कड्या मुद्दाम मागून घेतलेल्या असतात. घरच्या फोडणीने ते बिंग फोडलेलं असतं. हळदीचा डाग तसा निरुपद्रवी. पुढच्या खेपेला डॉक्टर कड्या बदलतात तेव्हा तो जातो. खरी गडबड कडीच्या मागे असते. तिथे पोह्याचा कण जातो, शेंगदाण्याचं कूट जातं, कोथिंबिरीचं पान जातं. ब्रशचे केस मात्र जात नाहीत.

ही अडचण आजकालची वाटते, पण ती फार जुनी आहे. दात सरळ करणाऱ्यांची आणि दात स्वच्छ ठेवणाऱ्यांची वाट बराच काळ वेगवेगळी होती. पहिल्यांच्या लेखी दात म्हणजे जागेवरून सरकवायचा खांब. दुसऱ्यांच्या लेखी तो पुसून लख्ख करायचं भांडं. तारेने या दोघांना एकाच तोंडात आणून बसवलं आणि तिथून त्यांचं जे भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही.

दोघांची पहिली ठळक गाठ पडते ती पॅरिसमध्ये. पिएर फोशार या दंतशल्यकाराचा दोन खंडांतला ग्रंथ १७२८ साली प्रसिद्ध झाला. वाकडे दात सरळ करायला त्याने त्यात धातूची एक पट्टी सांगितली आहे. पट्टी दंतपंक्तीच्या कमानीसारखी वाकवायची, तिला भोकं पाडायची आणि त्यांतून दोरा ओवून दात पट्टीला बांधायचे. याच फोशारचं दात स्वच्छ करण्याबद्दलचं मतही पक्कं होतं. घोड्याच्या केसांचे ब्रश त्याला पसंत नव्हते. पाण्यात भिजवलेला स्पंज आणि दातकोरणं त्याला बरं वाटे. दातदुखीवर स्वतःच्याच मूत्राने चूळ भरण्याचा सल्लाही त्याने दिला होता. या सल्ल्यामुळे त्याला हसणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की दाताला कीड लागते म्हणजे खरोखरच अळी पडते, ही समजूत खोडून काढणाऱ्यांत तो आघाडीवर होता. पण त्याचा स्पंज त्याच्याच पट्टीवरून फिरवला असता, तर पुढची बाजू पुसली गेली असती आणि मागची तशीच राहिली असती. आज तार लावलेल्या माणसाने घाईघाईने साधा ब्रश फिरवला की होतं तेच.

ज्याला आपण ब्रश म्हणतो त्याचा धंदा उभा राहिला पुढच्या पन्नासेक वर्षांत. इंग्लंडच्या विल्यम ॲडिसने १७८० च्या सुमारास हाडाच्या मुठीत डुकराचे राठ केस बसवून ब्रश विकायला काढले. तुरुंगात असताना जेवणातल्या हाडाला भोकं पाडून त्याने पहिला ब्रश बनवला, अशी कथा सांगतात. कथा झकास आहे, धंदा तर नक्कीच खरा होता. दोन दातांच्या फटीकडे लक्ष वेधलं न्यू ऑर्लिन्सच्या लेव्ही स्पिअर पार्मलीने. १८१९ च्या आपल्या पुस्तकात त्याने मेण लावलेला रेशमी दोरा दातांच्या मधून फिरवायला सांगितला. आज औषधाच्या दुकानात डबीत मिळणारा फ्लॉस म्हणजे याच दोऱ्याचा वंशज.

आपल्याकडे हा विषय तोवर शेकडो वर्षं मुरलेला होता. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायाच्या सुरुवातीलाच दातवण येतं. रुई, वड, खैर, करंज, अर्जुन अशा झाडांची काडी. लांबी बारा अंगुळं, जाडी करंगळीच्या टोकाएवढी, सरळ, आणि टोक मऊ केलेलं. वापरायची सकाळी आणि जेवणानंतरही, तीही दातांच्या मांसाला इजा न करता. अजीर्ण, उलटी, दमा, खोकला, ताप किंवा तोंड आलेलं असेल, तर काडी वापरूच नये, अशी तळटीपही जोडलेली आहे. मऊ टोक, हिरड्या सांभाळणं आणि जेवणानंतर पुन्हा घासणं, या तीन गोष्टी तार लावलेल्याला आजचा डॉक्टर जशाच्या तशा सांगतो. काडी मात्र तो सांगणार नाही. चावून चावून कुंचा केलेली कडुनिंबाची काडी उघड्या दातावर छान चालते, पण ब्रॅकेटवर तिचे तंतू अडकतात आणि ती चावताना येणारा जोर एखादं ब्रॅकेट उखडूही शकतो.

राखुंडीचीही हीच गत. गोवऱ्यांची नाही तर तुसाची राख, त्यात चिमूटभर मीठ, आणि हे सगळं घासायला तर्जनी. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी यावर दिवस काढले. त्या राखेला डबीत बसवून मुंबईच्या नोगी कंपनीने माकड छाप काळी टूथ पावडर घरोघरी पोचवली. कोलगेट-पामोलिव्हची भारतातली कंपनी १९३७ साली मुंबईत नोंदली गेली, आणि कालांतराने हे नाव असं काही रुजलं की खेड्यापाड्यांत कुठल्याही टूथपेस्टला कोलगेटच म्हणू लागले. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये सुरू केलेल्या विकोची वज्रदंती आली तीही आधी मंजन म्हणूनच. बोट आणि पूड यांची ही जोडी सपाट दातावर चालून जाते. तारेवर बोट घसरतं, पूड ब्रॅकेटच्या कडेला थापली जाते आणि दात आहे तसाच राहतो. मशेरीचं तर नावच नको. दात घासण्याच्या नावाखाली भाजलेली तंबाखू हिरड्यांवर चोळायची, हा प्रकार तार असो वा नसो घातकच.

एकोणिसाव्या शतकात तारेचं तंत्र मात्र भराभर पुढे गेलं. त्यात एक वर्ष महत्त्वाचं आहे, ते १८७१. त्या साली विल्यम मॅगिल या अमेरिकी दंतवैद्याने धातूचं कडं दाताभोवती सिमेंटने पक्कं बसवलं. तोवर उपकरणं दोऱ्याने किंवा स्क्रूने धरलेली असत, हलत, सुटत. आता दाताला अंगठीच मिळाली. पुढे एडवर्ड अँगलने या अंगठ्यांवर अख्खं शास्त्र उभं केलं. दातांच्या वाकडेपणाचं त्याचं वर्गीकरण १८९९ चं, त्याची शाळा १९०० ची, आणि आजच्या बहुतेक ब्रॅकेटची आजी शोभावी अशी त्याची चौकोनी खाचेची रचना १९२० च्या दशकातली. त्या खाचेची उंची जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. शंभर वर्षं होत आली तरी ते माप अजून वापरात आहे. मान्य करायला हवं, की दात सरकवण्याच्या कामात इतकी नेटकी कल्पना क्वचितच कुणाला सुचली असेल.

स्वच्छतेच्या बाजूने मात्र ही अंगठी म्हणजे संकटच होती. जवळपास प्रत्येक दातावर एकेक कडं चढे. ते चढवायला आधी दातांमध्ये फट पाडावी लागे. त्यासाठी पितळी तार किंवा दोरा दोन दातांत घट्ट अडकवून काही दिवस ठेवत. कडं हिरडीच्या कडेशी जाऊन भिडे, आणि त्या सीमारेषेवर जंतूंचा चिकट थर हमखास साचे. त्याहून वाईट म्हणजे आतलं सिमेंट कुठेतरी लाळेने झिजे, कड्याखाली पोकळी तयार होई, आणि तिथे काय चाललंय ते बाहेरून कळायला मार्गच नसे. ब्रश वरून चकाचक फिरतोय आणि आत दात किडतोय! वर्ष-दोन वर्षांनी कडं काढलं की सरळ झालेल्या दातावर पांढरट किंवा तपकिरी पट्टा उमटलेला. दोन दातांमधली जागा कड्यांनी भरलेली असल्याने पार्मलीचा दोरा तिथे घालायचीही सोय नव्हती.

याच काळात स्वच्छतेची बाजू आपल्या गतीने चालली होती. दातावर उरलेला थर डोळ्यांना दिसावा म्हणून १९१४ मध्ये स्किनर नावाच्या अमेरिकी दंतवैद्याने आयोडीनचं रंगद्रव्य वापरायला सांगितलं. रंग लागला की समजायचं, इथे ब्रश पोचलेला नाही. डब्ल्यू. जे. चार्टर्सने १९२८ मध्ये ब्रश धरण्याची एक उलटी पद्धत मांडली. केस हिरडीकडे वळवण्याऐवजी दाताच्या चावण्याच्या कडेकडे तिरपे ठेवायचे आणि जागच्या जागी थरथरवायचे, म्हणजे ते फटींत शिरतात. तार लावलेल्यांना हीच पद्धत पुढे शिकवली गेली. २४ फेब्रुवारी १९३८ रोजी नायलॉनच्या केसांचा पहिला ब्रश अमेरिकेत विक्रीला आला आणि डुकराच्या केसांची सद्दी संपायला लागली. पण पहिलं नायलॉन इतकं ताठ होतं की हिरड्या सोलवटत. मऊ केस यायला १९५० उजाडावं लागलं. न्यू ऑर्लिन्सचे चार्ल्स बास हे वैद्यकशास्त्राचे निवृत्त अधिष्ठाते. दंतवैद्य नसलेल्या या गृहस्थांनी म्हातारपणी सूक्ष्मदर्शकाखाली दातांवरचा मळ तपासून ब्रशच्या केसाची जाडी ठरवली, टोक गोल करायला लावलं आणि केस हिरडीच्या कडेशी पंचेचाळीस अंशांत धरायला सांगितलं. तार असलेल्या दातावर दोन्ही पद्धती लागतात: तारेच्या वरच्या अंगाला एक तिरपा, खालच्या अंगाला दुसरा. तार नसताना दाताचा दर्शनी भाग एका फेरीत होतो. तार आली की त्याचे दोन मजले होतात.

मग आलं १९५५. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये मायकेल ब्यूनोकोर हे दंतसंशोधक काम करत होते. कारखान्यांत धातूवर रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्यांना ठाऊक होतं. दाताच्या आवरणावरही तसंच करून पाहिलं तर? त्यांनी पुढच्या दातांवर तीस सेकंद आम्ल लावून वर प्लास्टिकचा थेंब चिकटवला. आम्ल न लावलेल्या दातावरचा थेंब काही तासांत गळून पडला. लावलेल्या दातावरचा सरासरी हजाराहून अधिक तास टिकला. आम्लाने काय केलं होतं? आवरणातलं खनिज वरच्यावर विरघळवून तिथे सूक्ष्म छिद्रं पाडली होती. प्लास्टिक त्या छिद्रांत शिरलं आणि खिळ्यांसारखं रुतून बसलं.

याचा तारेशी संबंध दहा वर्षांनी उघड झाला. १९६५ मध्ये न्यू जर्सीच्या जॉर्ज न्यूमन यांनी ब्रॅकेट थेट दातावर चिकटवल्याचं प्रसिद्ध केलं. अंगठी नको, सिमेंट नको, दातांमध्ये आधी फट पाडायला नको. हा बदल पूर्ण व्हायला आणखी दशकभर लागलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुढच्या दातांवरची कडी हद्दपार होऊ लागली आणि उरली ती बहुतेक दाढांपुरती. दातांमधली जागा मोकळी झाली, हिरडीची कड मोकळी झाली, दात पुन्हा डोळ्यांना दिसायला लागला.

१९६५ हे वर्ष या गोष्टीत आणखी दोनदा येतं. डेन्मार्कच्या आऱ्हूस गावात हाराल्ड ल्योए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत झाडून सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. हिरडी सुजते ती वयामुळे, रक्त गरम असल्यामुळे की पोट बिघडल्यामुळे, या जुन्या वादाचा निकाल इतक्या साध्या प्रयोगाने लागला. आणि याच वर्षी भारतात इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी स्थापन झाली, मुंबईचे डॉ. एच. डी. मर्चंट तिचे पहिले अध्यक्ष. कोलकात्यात डॉ. आर. अहमद यांनी १९२० मध्ये देशातलं पहिलं दंतमहाविद्यालय काढलं होतं, मुंबईत नायर रुग्णालयाचं दंतमहाविद्यालय १९३३ पासून होतं. पण तारेच्या कामाला स्वतःचं घर मिळालं ते या सोसायटीत.

चिकटवलेल्या ब्रॅकेटने सगळं सुरळीत झालं असं मानणाऱ्यांना १९८२ मध्ये धक्का बसला. गोरेलिक, गायगर आणि ग्विनेट या तिघांनी उपचार संपलेल्या रुग्णांचे दात तपासले, तेव्हा जवळपास निम्म्या जणांच्या किमान एका दातावर खडूसारखा पांढरा डाग निघाला. डाग ब्रॅकेटच्या भोवती, विशेषतः ब्रॅकेट आणि हिरडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत. इथे एक मजेदार, खरं तर कडवट, योगायोग आहे. ब्यूनोकोर यांनी आम्ल लावून दाताचं खनिज विरघळवलं, म्हणून ब्रॅकेट चिकटलं. जंतू साखरेपासून आम्ल करतात आणि खनिज विरघळवतात, म्हणून ब्रॅकेटशेजारी डाग पडतो. क्रिया एकच. पहिली तीस सेकंदांची आणि डॉक्टरच्या हातातली, दुसरी महिनोन्‌महिने चालणारी आणि कुणाच्याच हातात नसलेली.

हे महिनोन्‌महिनेही अंमळ उदारपणे म्हटलं. नॉर्वेच्या ओगार्ड आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं की मळ मुद्दाम साचू दिला तर डोळ्यांना दिसणारा पांढरा डाग चार आठवड्यांत पडू शकतो. म्हणजे डॉक्टरकडच्या दोन खेपांच्या मध्ये. थराखालचा पीएच साडेपाचच्या खाली गेला की आवरण विरघळू लागतं. लाळ हे आम्ल धुऊन काढते, वर कॅल्शियम आणि फॉस्फेटची भरपाईही करते. पण दाट थराखाली तिला शिरकाव नसतो. फ्लोराइड असेल तर भरपाई लवकर आणि मजबूत होते. अमेरिकेत फ्लोराइडची टूथपेस्ट १९५०च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आली, दातावर लावायचं फ्लोराइडचं वार्निश युरोपात १९६०च्या दशकात. तार लावलेल्याला फ्लोराइडची पेस्ट आणि रात्री फ्लोराइडची चूळ सांगतात ती यासाठी. दिवसभर चहा-बिस्किटांवर असणाऱ्याला मात्र पेस्ट कितीही चांगली असली तरी ती एकटी पुरत नाही. एकेक बिस्कीट म्हणजे आम्लाची एकेक पाळी.

१९८२ च्या त्याच अभ्यासात एक गोष्ट चटकन नजरेतून सुटेल अशी आहे. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेकडे, चिकटवलेल्या तारेच्या आसपास डाग सापडलेच नाहीत. कारण तिथे जिभेखालच्या ग्रंथींची लाळ सतत वाहते. माणसाच्या कुठल्याही शिस्तीपेक्षा ओल्या जागेने जास्त काम केलं होतं.

घासायची हत्यारंही याच काळात बदलली. फिलिप-गी वूग यांचा ब्रॉक्सोडेंट हा विजेवरचा ब्रश स्वित्झर्लंडमध्ये १९५४ मध्ये तयार झाला तो दोन प्रकारच्या माणसांना नजरेसमोर ठेवून: ज्यांचे हात नीट चालत नाहीत ते, आणि ज्यांच्या दातांना तार आहे ते. आळशांची चैन म्हणून तो नंतर खपला. १९६२ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला जेरल्ड मोयर हा दंतवैद्य आणि जॉन मॅटिंग्ली हा जलयंत्रांचा इंजिनिअर यांनी पाण्याची थडथडती चिळकांडी सोडणारं यंत्र बनवलं. तारेत अडकलेला घास यातून सुटतो, पण दाताला चिकटलेला थर खरवडायला ब्रशच लागतो. सगळ्यांत उपयोगी पडलं ते सगळ्यांत साधं हत्यार: बाटली धुवायच्या ब्रशचं बाळरूप म्हणावं असा बारीक, गोल केसांचा ब्रश. तो वरून तारेच्या मागे घालायचा, ब्रॅकेटच्या दोन्ही कुशी घासायच्या, मग खालून तेच. दोऱ्यासाठी प्लास्टिकची सुई आली. दोरा तारेखालून ओवायचा, मग दातांच्या फटीत. अठ्ठावीस दातांना हे करायचं म्हणजे पहिल्या आठवड्यात अर्धा तास जातो आणि चिडचिड होते. महिन्याभराने दहा-बारा मिनिटांत उरकतं.

आता प्रौढांकडे वळायचं. तार म्हणजे शाळकरी मुलांची गोष्ट, हे समीकरण मुळात कसं बसलं? न्यूयॉर्कचे नॉर्मन किंग्स्ली, जे शिल्पकारही होते, त्यांनी १८८० मध्येच लिहून ठेवलं होतं की दात हलवायला वयाची जवळपास मर्यादा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वारं फिरलं. सोळाव्या वर्षानंतर कायमचा बदल करणं अशक्यप्राय, असं सांगणारे आले. सहा ते चौदा हा सुवर्णकाळ ठरला. त्यात शास्त्र होतं, कारण वाढत्या हाडाला वळण लावता येतं. पण बाकीचं संकोचाने केलं. तोंडभर धातूच्या अंगठ्या घालून कचेरीत किंवा बोहल्यावर कोण जाणार?

या संकोचाचं, आणि त्याहून गुंतागुंतीच्या भीतीचं, एक उदाहरण आपल्या पाचगणीत वाढलं. सेंट पीटर्स शाळेत १९५० च्या दशकात शिकणाऱ्या फारुख बलसाराला मुलं पुढे आलेल्या दातांवरून ‘बकी’ म्हणून चिडवत. जबड्यात चार जादा दात असल्याने पुढचे दात बाहेर ढकलले गेले होते. पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जग गाजवताना, पैशांची ददात नसतानाही, त्याने ते दात सरळ करून घेतले नाहीत. त्यामुळे आवाज बदलेल अशी त्याला धास्ती होती.

ज्यांना सरळ दात हवे होते पण तार दाखवायची नव्हती, त्यांच्यासाठी तंत्राने तीन वाटा काढल्या. पहिली, तार आतून लावण्याची. कॅलिफोर्नियात बेव्हर्ली हिल्सच्या क्रेव्हन कुर्झ यांच्याकडे १९७० च्या दशकात दिसण्यावरच पोट असणारे प्रौढ रुग्ण येत; जपानमध्ये किन्या फुजिता त्याच सुमारास याच कल्पनेवर काम करत होते, पण त्यांच्या डोळ्यांसमोर होते कुस्ती-कराटेत ओठ फाटून घेणारे खेळाडू. एकाला तार लपवायची होती, दुसऱ्याला ओठ वाचवायचा होता. घासायला मात्र ही तार सगळ्यांत अवघड. आरसा तोंडात धरल्याशिवाय ती दिसतही नाही. दुसरी वाट चिनी मातीच्या जातीच्या, दाताच्या रंगाच्या ब्रॅकेटची. १९८६-८७ मध्ये आलेल्या या पारभासी ॲल्युमिनाचं मूळ क्षेपणास्त्रांचा माग काढणाऱ्या यंत्रणांच्या संशोधनात आहे. उष्णतेचा वेध घेणाऱ्या अँटेनांवर बसणारा पदार्थ अखेर वरणभाताच्या हळदीपुढे उभा राहिला. ब्रॅकेट टिकलं, रबराची कडी हरली. तिसरी वाट काढता-घालता येणाऱ्या पारदर्शक साच्यांची. झिया चिश्ती याने प्रौढपणी तार लावून घेतली होती, आणि त्या अनुभवातून त्याने केल्सी वर्थसोबत १९९७ मध्ये कंपनी काढली. इथे जेवताना साचा काढता येतो, दात नेहमीसारखे घासता येतात. पण चहा पिऊन, न घासता तोच साचा पुन्हा बसवला, तर साखर आत आणि लाळ बाहेर अशी पक्की सोय होते.

प्रौढांचं तोंड मुलांच्या तोंडासारखं नसतं. हिरड्या थोड्या खाली सरकलेल्या असतात, मुळाचा मऊ भाग उघडा पडलेला असतो, कुठे जुनी टोपी, कुठे पूल, कुठे काढलेल्या दाढेची रिकामी जागा. मधुमेह असेल तर हिरड्या आणखी हळव्या. रॉबर्ट बॉइड आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये तार लावलेल्या प्रौढांची आणि किशोरांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा मळ आणि सूज किशोरांकडे जास्त निघाली. प्रौढ नीट घासत होते. खिशातून पैसे गेलेले असतात, हट्ट स्वतःचाच असतो, याचा हा परिणाम असावा. पण त्याच अभ्यासात दुसरी बाजूही होती: ज्या दातांच्या हिरड्या आणि हाड उपचाराआधी निरोगी झालेले नव्हते, त्यांच्यातल्या काहींची हानी तार लागल्यावर आणखी वाढली. म्हणूनच चांगला डॉक्टर तिशी-चाळिशीतल्या माणसाला तारेची घाई करू देत नाही. आधी कीटण काढतो, मुळं साफ करतो, हिरडीतून रक्त यायचं थांबलं की मगच ब्रॅकेटचा डबा उघडतो.

प्रौढाची खरी परीक्षा कचेरीत होते. दुपारी डबा खाऊन झाल्यावर बेसिनपाशी उभं राहून तोंडाचा आ करून ब्रश फिरवायचा, मागे सहकारी हात धुवायला थांबलेला. बरेच जण खळखळून चूळ भरतात आणि संध्याकाळवर ढकलतात. चूळ भरणं ही आपल्याकडची जुनी, चांगली सवय आहे. तिने अडकलेले घास निघतात आणि आम्ल पातळ होतं. तेवढ्यावर दुपार निघते, रात्र निघत नाही. मक्याचं कणीस दाण्या-दाण्याने सोडवून खावं लागतं, ऊस बंद, चिक्की बंद, संक्रांतीला तिळगुळाची वडी कुणी हातावर ठेवली तर ती खिशात. पेरूसुद्धा फोडी करून मागच्या दाढेने.

आणि मग दीड-दोन वर्षांनी ब्रॅकेट निघतात. जीभ दिवसभर गुळगुळीत दातांवरून फिरत राहते. पण खालच्या सुळ्यापासून सुळ्यापर्यंत, आतल्या बाजूला, पिळाची एक बारीक तार डॉक्टर चिकटवून ठेवतात, कारण सरळ केलेले दात जुन्या जागेची ओढ सोडत नाहीत. ती तार वर्षानुवर्षं तिथेच राहते. १९८२ च्या अभ्यासात डाग न सापडलेली जागा ती हीच. लाळ तिथला दात सांभाळते. पण त्याच लाळेतल्या खनिजांनी तिथे कीटण दगडासारखं घट्ट होतं. म्हणून तार काढून बरेच दिवस झाल्यावरही त्या घरात, आरशामागच्या फळीवर, प्लास्टिकच्या सुयांची एक छोटी पुडी असते, आणि रात्री झोपण्याआधी कुणीतरी मान वाकडी करून सहा दातांच्या मागून दोरा ओवत असतं.